पाणी वापर संस्था

पाणी वापर संस्था : धरणाच्या, बंधाऱ्याच्या किंवा कालव्याच्या ठरावीक लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी पाणी ठोक घेऊन ते आपापसांत वाटण्यासाठी, चाऱ्या (कालव्यातून शेतांकडे जाणारे छोटे पाट) दुरुस्त ठेवण्यासाठी आणि पाणीपट्टी गोळा करण्यासाठी उभारलेली संस्था. धरण बांधायला कर्ज मिळते, निधी मिळतो, पण बांधून झाल्यावर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवायचे कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी, हा प्रश्न भारतासह बहुतेक विकसनशील देशांत मागे राहिला. त्याच प्रश्नातून या संस्था पुढे आल्या. महाराष्ट्रात त्यांना स्वतंत्र कायदा मिळाला तो २००५ मध्ये. मात्र शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाणी वाटण्याची रीत इथे काही शतकांची आहे.

कालव्याचे पाणी दुकानातल्या मालासारखे मोजूनमापून विकता येत नाही. ते वाटेत जिरते, रात्रीही वाहत राहते, आणि वरच्याने जास्त घेतले की खालच्याचे तेवढे कमी होते. थोडे गणित मांडून पाहू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एवढे पाणी चारीला चोवीस तास चालले तर साधारण २,४५० घनमीटर होते. गव्हाला एका पाळीत, म्हणजे पाणी देण्याच्या एका फेरीत, ८ सेंटिमीटर पाणी द्यायचे धरले तर हेक्टरी ८०० घनमीटर लागतात. गळती अजिबात नाही असे मानले तरी दिवसाला जेमतेम तीन हेक्टर भिजतात. चारीखाली शंभर हेक्टर असतील तर सगळे रान भिजायला महिना उलटतो. त्यात वरच्या तिघा-चौघांनी रात्री दार उघडे ठेवून वाफे तुडुंब भरले, तर टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा गहू ओंबीवर असताना चारी कोरडी पडलेली असते. ‘हेड’ (चारीचे तोंड) आणि ‘टेल’ (तिचे शेपूट) हे दोन शब्द खेड्यात शाळा न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी आहेत. सिंचन व्यवस्थापनातला निम्मा झगडा या दोन शब्दांत आहे.

म्हणून सिंचनाचा खर्च धरणाच्या भिंतीवर संपत नाही. पाणी मोजण्याचा, राखण्याचा आणि भांडणे मिटवण्याचा खर्च दर पाळीला नव्याने करावा लागतो. तो कमीत कमी कसा होईल, यावर कोणत्याही पाणीवाटप पद्धतीचे यश ठरते.

फड पद्धती. या कसोटीवर पाहिले तर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धती ही असाधारण योजना ठरते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर एकाखाली एक दगडी बंधारे आहेत. ही पद्धत तीनशे ते चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या निघतात, आणि भिजणाऱ्या क्षेत्राचे, म्हणजे थळाचे, तीन-चार मोठे भाग केलेले असतात. हे भाग म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असते, त्यामुळे कोणत्याही वर्षी कोणाचेच सगळे रान कोरडे राहत नाही. नदीला पाणी कमी असेल तर पंच मंडळी एखादा फड भिजवायचा नाही असे ठरवतात आणि ती तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते.

पाणी फिरवण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः त्यात हात घालायचा नाही, अशी रीत. पिकाची राखण जागल्या करतो. या गावकामगारांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपाने दिला जाई. वर्षातून एकदा कालव्यातला गाळ काढायला लाभधारकांनी अंगमेहनतीने यायचे, हाही नियमच.

या पद्धतीत पाणी कुठेच मोजलेले नाही, आणि तिचे खरे मर्म मला तिथेच दिसते. फडात सगळीकडे तेच पीक असल्यामुळे प्रत्येक वाफ्याला लागणारे पाणी सारखे. एका टोकाकडून भिजवत दुसऱ्या टोकाला जायचे, एवढेच काम. कोणी जास्त पाण्याचे पीक गुपचूप लावले तर ते साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर उभे राहते. मोजणीदार नको, अर्ज नको, पंचनामा नको. मोजण्याचा आणि राखण्याचा खर्च पीकरचनेतच विरघळून गेला आहे. त्याची किंमत मात्र होती. कोणते पीक घ्यायचे हे एकट्याने ठरवता येत नसे. विहिरी आणि मोटारी आल्यावर, बाजाराची पिके वाढल्यावर आणि वाटण्यांनी जमिनीचे तुकडे झाल्यावर ही शिस्त जड वाटू लागली. नद्यांच्या वरच्या अंगाला लाटीपाडा, हरणबारी, केळझर यांसारखी धरणे झाली आणि फडांचे पाणी नदीच्या वाहण्यावर न राहता वरून सुटणाऱ्या आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरावीक वेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, अवलंबून राहिले. काही बंधाऱ्यांवर पद्धत टिकून आहे, बऱ्याच ठिकाणी ती मोडली.

सरकारी कालवे. दख्खनचे कालवे इंग्रजांनी दुष्काळनिवारणासाठी काढले. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला. १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. पण पाऊस बरा झाला की काळ्या रानाचा ज्वारीवाला शेतकरी पाणी मागेना, आणि दुष्काळ पडला की सगळेच मागू लागत. कालवा तोट्यात गेला. महसूल हवा म्हणून वर्षभर पाणी घेणाऱ्या उसाला वाव मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राच्या गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची आणि त्या गटात उसाबरोबर इतर पिके फिरवायची, अशी ती योजना होती. उसाला अटकाव करावा आणि पाणी जास्त लोकांत पसरावे हा हेतू होता. ऊस मात्र वाढतच गेला. सततच्या पाण्याने नीरेच्या काठची कितीतरी जमीन पाणथळ आणि चोपण (क्षारांनी बिघडलेली) झाली. आज राज्यात लागवडीखालील जमिनीच्या अगदी थोड्या भागावर ऊस आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तोच पितो.

हंगामी पिकांसाठी शेजपाळी हा नियम चालत आला. शेतकऱ्याने हंगामापूर्वी ‘सात नंबर’ भरायचा, म्हणजे अमुक क्षेत्रावर अमुक पिकासाठी पाणी हवे असा अर्ज करायचा. मंजुरी मिळाली की पाळीपत्रकात नाव लागते. पाळी टेलकडून सुरू करून हेडकडे आणायची, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात चारीवर मुक्काम करून दार राखायला पुरेशी माणसे पाटबंधारे खात्याकडे कधीच नव्हती. मंजुरी नसताना भिजवले तर पंचनामा आणि दंड. पण पंचनामा होईपर्यंत पाणी निघून गेलेले असते. १८७९ चा मुंबई सिंचन कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम या दोन्हींत शेतकरी हा सरकारचा एकेकटा ग्राहक होता. चारीवर त्याचे शेजाऱ्याशी काय नाते असावे, याचा विचार त्यांत फारसा नव्हता.

पाणीपट्टी. आकारणी पिकाच्या प्रकारावर आणि क्षेत्रावर होत असे. एकदा हेक्टरी रक्कम ठरली की पुढचे जास्तीचे पाणी फुकटच पडते. मग ते वाचवायचे कशाला? १९७२ च्या राष्ट्रीय सिंचन आयोगाने अन्नधान्याच्या पिकांवर एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के आणि नगदी पिकांवर १२ टक्के दर सुचवला होता. प्रत्यक्षात दर वर्षानुवर्षे मागे राहिले आणि वसुली त्याहूनही मागे. पट्टीतून देखभाल भागत नाही, म्हणून चाऱ्या बुजतात, दारे मोडतात; पाणी पोचत नाही, म्हणून शेतकरी पट्टी भरत नाही.

शेतकऱ्याला फुकट पाणी हवे, हा आरोप मला पटत नाही. हाच माणूस विहिरीवरच्या इंजिनात डिझेल ओततो, बोअर कोरडी गेली तर दुसरी घेतो, उन्हाळ्यात द्राक्षबाग जगवायला टँकर विकत घेतो. तो पैसे नाकारतो ते भरवशाच्या पाण्याला नव्हे. पाळी १५ तारखेला म्हणून सांगायची आणि पाणी महिनाअखेरीला द्यायचे, असल्या पाण्याला तो किंमत देत नाही.

घनमापन आणि संस्था. उपाय म्हणून पुढे आलेली वाट अशी : सरकारने प्रत्येक शेतकऱ्याशी व्यवहार न करता लघुवितरिकेच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, म्हणजे मायनरच्या) तोंडाशी घनमापनाने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी संस्थेला द्यावे आणि आत कसे वाटायचे ते संस्थेवर सोडावे. चारीच्या तोंडाशी सिमेंटचे अरुंद गळ्याचे मोजमाप बांधकाम असते, त्याला लोक फ्लूम म्हणतात. बाजूच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली. पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात सेकंदाला किती लिटर ते पाहायचे आणि वहीत वेळेसह लिहायचे. खात्याचा माणूस आणि संस्थेचा माणूस, दोघांच्या सह्या. वरून सोपे दिसणारे हे काम या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. आत अनेक संस्था सभासदाला तासावर पाणी देतात. तास मोजला जातो म्हटल्यावर शेतकरी आधीच सऱ्या नीट करून ठेवतो आणि पाणी फुटले तर धावत जातो.

महाराष्ट्रात अशी सुरुवात १९८० च्या दशकाच्या अखेरीस अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात मुळा कालव्याच्या सातव्या मायनरवर झाली. तिथली दत्त सहकारी पाणी वापर संस्था या चळवळीतली पहिली महत्त्वाची संस्था. त्यानंतर नाव झाले ते नाशिक जिल्ह्यातील वाघाडचे. दिंडोरी तालुक्यातील या धरणाच्या कालव्याच्या टेलला ओझर आहे. कालवा झाला तरी ओझरच्या शिवारात पाणी नीट पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना गोळा केले आणि १९९० च्या सुमारास बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर या तीन संस्था उभ्या राहिल्या. सुरुवात टेलच्या लोकांनी केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हेडच्या शेतकऱ्याला संस्थेची निकड कधी भासलीच नव्हती. या संस्थांनी कोट्याचे, म्हणजे संस्थेसाठी ठरवून दिलेले, पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत अडवून विहिरींत उतरवले आणि विहीर नि कालवा यांचा हिशेब एकत्र धरला. त्या भरवशावर तिथे भाजीपाला आणि द्राक्षबागा वाढल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पावर चोवीस संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्थाही झाली.

२००५ मध्ये महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. त्यानुसार संस्थेच्या क्षेत्रातील पाणी संस्थेमार्फतच मिळते, संचालकांत हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना स्थान असते, संस्थेला आपले दर ठरवता येतात आणि कोट्यात बसेल ते पीक सभासद घेऊ शकतो. त्याच वर्षी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापण्यासाठीही कायदा झाला. पाण्याचे ठोक दर ठरवणारे राज्य पातळीवरचे असे प्राधिकरण देशात पहिलेच. खरिपात दर सर्वांत कमी आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त, हे त्याच्या दररचनेचे तत्त्व.

इतरत्र. फिलिपिन्समध्ये १९७० च्या दशकात राष्ट्रीय सिंचन प्रशासनाला स्वतःचा खर्च पाणीपट्टीतून भागवण्यास सांगितले गेले, आणि मग शेतकऱ्यांना संघटित करणे ही अधिकाऱ्यांचीच गरज झाली. मेक्सिकोने १९९० च्या दशकात तीस लाखांहून अधिक हेक्टरांचे कालवे शेतकरी संघटनांकडे सोपवले. आंध्र प्रदेशाने १९९७ मध्ये कायदा करून एका झटक्यात दहा हजारांवर संस्थांच्या निवडणुका घेतल्या. निधी आला तोवर कामे झाली, पण बऱ्याच संस्था ठेकेदारीच्या समित्या होऊन बसल्या.

सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण नेपाळचे. तिथे डोंगराळ भागात शेतकऱ्यांनी दगड-माती-फांद्यांचे बांध घालून काढलेले पाट आणि सरकारने पक्क्या बांधकामाचे केलेले पाट यांचा तुलनात्मक अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कच्च्या पाटांची शेपटाकडची शेते अनेकदा जास्त चांगली भिजत होती. कारण असे की कच्चा बांध दर पावसाळ्यात वाहून जातो आणि तो पुन्हा घालायला वरच्यांना खालच्यांचे हात लागतात. पाणी दिले नाही तर खालचे लोक कामाला येत नाहीत. बांध पक्का झाला आणि वरच्यांची ही गरजच संपली. ऑस्ट्रॉम यांना सामुदायिक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फडाच्या कालव्यातला गाळ काढायला सगळ्यांनी येण्याचा नियम याच नात्याने समजून घ्यावा लागतो.

अडचणी. कागदावर नोंदलेल्या आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या संस्था यांत मोठे अंतर आहे. मोडक्या चाऱ्या दुरुस्त न करता संस्थेच्या गळ्यात घातल्या जातात. फ्लूमच्या पट्ट्या पुसल्या जातात आणि मग घनमापन अंदाजावर चालते. धरणातून आणि कालव्यातून थेट उपसा करणारे पाइप वाढले की संस्थेचा कोटा तोंडाशी पोचण्याआधीच घटतो. शहरांचे आणि कारखान्यांचे पाणी आधी राखले जाते, तूट शेतीच्या वाट्याला येते. गोदावरी खोऱ्यात वरची धरणे आणि खालचे जायकवाडी धरण यांच्यातला वाद म्हणजे हेड-टेलचेच भांडण, जिल्ह्यांच्या आकाराचे.

आणखी एक उणीव मुळातली आहे. सभासदत्व सातबाऱ्यावरच्या नावाने मिळते. रात्रीची पाळी असली तरी दारे धरायला जाणाऱ्या कितीतरी बायकांची नावे सातबाऱ्यावर नाहीत, आणि भूमिहीनांचा तर प्रश्नच नाही. याला छेद दिला तो पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर सुरू केलेल्या पाणी पंचायतीने. तिथल्या योजनांत पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले गेले : माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, आणि तो वाटा घेऊन त्याने कोणाची जमीन वाट्याने करावी. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. तो योजनेकडे परत येई.