एक्सरे नॉर्मल आला म्हणून गुडघा ठीक आहे असं नाही

जत्रेतल्या कबड्डीत माझा मावसभाऊ चढाईला गेला होता, बोनस घेऊन परत वळला, कोणी धरलं पण नव्हतं त्याला, नुसता पाय मॅटवर रुतला आणि अंग फिरलं. तो म्हणाला गुडघ्यात आतून कट्ट वाजलं. मॅच सहाची, आठ वाजेपर्यंत गुडघा टम्म फुगलेला. रात्री तेल लावून चोळला, वरून गरम शेक, सकाळी एक्सरे काढला तर हाड एकदम चांगलं, मग महिनाभर प्लास्टर आणि आराम. प्लास्टर निघाल्यावर मांडी दुसऱ्या पायाच्या मांडीपेक्षा एवढी बारीक दिसत होती की मावशी रडायला लागली.

हे सगळं प्रेमानेच केलं सगळ्यांनी. पण आठ महिन्यांनी एमआरआय झाला तेव्हा कळलं की एसीएल पहिल्याच दिवशी तुटलेली होती, आणि मधल्या काळात गुडघा दोन-तीनदा सटकला त्यात आतली गादी (दोन हाडांमधली मऊ चकती, मेनिस्कस) पण फाटली होती. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी गुडघ्याच्या आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा निसटू नये हे तिचं काम. एक्सरेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. या दोरीत रक्तवाहिन्या असतात, ती तुटली की बंद सांध्यात रक्त साठतं, म्हणून सूज दोन-चार तासांत येते. नुसती गादी फाटली तर बहुतेक वेळा सूज हळूहळू येते, दुसऱ्या दिवशी लक्षात येते. खेळाडूचा गुडघा असा रक्ताने भरला असेल तर दहापैकी साधारण सात जणांची एसीएल गेलेली असते. म्हणजे सूज किती वाजता आली हीच अर्धी तपासणी आहे, आणि ते फक्त तिथे हजर असलेल्या माणसालाच माहीत असतं.

बाकीचं काम ऑर्थोपेडिक डॉक्टर हाताने करतात. गुडघा 20-30 अंशात वाकवून एका हाताने मांडी धरतात, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. दोरी शाबूत असेल तर ओढताना मध्येच टक्क अडतं, तुटली असेल तर नडगी तशीच पुढे येत राहते. पहिल्या दिवशी दुखण्याने स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे कधी कधी नीट कळत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी परत दाखवायचं असतं आणि तिथेच आपण सोडून देतो कारण तोपर्यंत माणूस चालायला लागलेला असतो. सरळ चालायला एसीएल फारशी लागत नाही हो, ती वळताना लागते!

लवकर जायचं म्हणजे लगेच ऑपरेशन असं अजिबात नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण पेशंट्सवर अभ्यास झाला होता, 2010 मध्ये छापून आला, त्यात 59 जणांना आधी फक्त व्यायाम दिला, दोन वर्षांत त्यातल्या 23 जणांनाच एसीएलचं ऑपरेशन लागलं. पण व्यायाम म्हणजे फिजिओकडे जाऊन मांडीचे स्नायू परत बळकट करणं, घरी पडून राहणं नाही. ज्याला परत चढाया करायच्या आहेत त्याला बहुधा ऑपरेशन लागतंच, आणि त्यानंतर निदान नऊ महिने मैदान नाही.

गादीचं मात्र थांबून चालत नाही. तिच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथे वेळेत टाके घातले तर ती जुळते, उशीर झाला तर फाटलेला भाग काढून टाकायची वेळ येते, माझ्या भावाचं तेच झालं. गुडघा अडकला, सरळच होत नाही असं असेल तर दोन-चार दिवसांत दाखवाच. आणि गुडघा पूर्ण निखळला, पाऊल गार पडलं किंवा बधिर झालं तर मागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते, तेव्हा हातात जेमतेम सहा तास असतात, तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

आमच्या मंडळात आता चोळणं बंद झालंय. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावतात, पाय उंच ठेवतात आणि कोणीतरी लगेच मोबाईलवर लिहून ठेवतं, लागलं किती वाजता, आवाज आला का, सूज किती वाजता दिसली. डॉक्टर पहिले प्रश्न हेच विचारतात.