‘का’ नको, ‘कसं’ विचारा

रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी पोहे असतात, वर शेव आणि जीरावन मसाला, बाजूला जिलेबी, आणि मामा आले की पोह्यांबरोबर राजकारण येतंच. मागच्या खेपेला विषय निघाला बीआरटीएसचा, म्हणजे रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेल्या लेनचा. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, २०१३ पासून रस्त्याच्या मधोमध आयबस धावायची, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने हा कॉरिडॉर काढायला परवानगी दिली. मामा म्हणे बरं झालं, दादा म्हणे शहराचं वाटोळं केलं, पाच मिनिटांत आवाज चढले आणि गाडी थेट तुमची पार्टी-आमची पार्टीवर गेली. आई नुसती बघत बसली. मला फार वाईट वाटलं, कारण दोघंही माझी माणसं आहेत.

असं का होतं? २०१६ मध्ये जोनास कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ४० जणांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांच्या पक्क्या राजकीय मतांविरुद्ध मुद्दे वाचायला दिले. ज्यांचं मत कमी हललं त्यांच्या मेंदूत अमिग्डाला आणि इन्सुला हे भाग जास्त सक्रिय दिसले, म्हणजे भावना आणि धोका यांच्याशी जोडलेले भाग. अशा वेळी आणखी आकडे फेकून काय होणार!

पण एक गोष्ट मला खूप कामाची वाटते. २००२ मध्ये येल युनिव्हर्सिटीत रोझेनब्लिट आणि काइल यांनी लोकांना विचारलं, पँटची चेन, कुलूप, फ्लश कसं चालतं हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला चांगले मार्क दिले. मग सांगितलं, आता टप्प्याटप्प्याने लिहून दाखवा. लिहिता लिहिता अडकले आणि मार्क खाली आणले. आपण रोज चेन लावतो म्हणून ती कळते असं वाटतं, बस.

२०१३ मध्ये फर्नबाख वगैरेंनी हेच सरकारी धोरणांवर करून बघितलं. ‘तुम्ही याच्या बाजूने का आहात’ विचारलं की लोक आपली कारणं सांगत आणि तिथेच ठाम राहत, पण ‘हे धोरण नेमकं कसं काम करेल’ विचारलं की आपल्याला तितकं कळत नाही हे त्यांचं त्यांनाच जाणवे आणि मतंही थोडी मवाळ होत. नंतरच्या प्रयोगांत मतं दर वेळी मवाळ झाली नाहीत हेही सांगायलाच हवं, पण ‘मला वाटलं तितकं कळत नाही’ ही जाणीव तिथेही झाली आणि गप्पा सुरू व्हायला माझ्या मते तेवढी पुरते. फक्त ‘कसं’ हे उलटतपासणीच्या सुरात विचारलं तर सगळं मुसळ केरात.

पुढच्या रविवारी मी मामांना सहज विचारलं, "मामा, रेलिंग निघाल्यावर सिग्नलला गाड्या कशा वळतील हो?" मामा वाटीने रस्ता, चमच्याने डिव्हायडर मांडून समजावायला लागले, दोन मिनिटांनी थांबले, मग वेगळंच बोलले. मामीला दवाखान्यात नेताना ते ऑटोत जॅममध्ये अडकले होते आणि शेजारची बसची लेन पूर्ण रिकामी होती. हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं.

एमिली क्युबिन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १५ अभ्यासांतून हेच दाखवलं की आकड्यांपेक्षा स्वतः सोसलेलं सांगितलं तर विरोधी मताच्या माणसाबद्दल जास्त आदर वाटतो.

दादा गप्प झाला. मग म्हणाला, मी तीन वर्षं त्याच बसने कामावर गेलो मामा, माझ्याकडे गाडी नव्हती. मामांनी जिलेबीची प्लेट त्याच्याकडे सरकवली आणि विचारलं, "मग आता कसा जातोस?"