डायरेक्ट आणि नॉन-स्टॉप: विमान वाटेत थांबते की नाही?

‘डायरेक्ट फ्लाइट आहे ना?’ असे विचारणाऱ्या प्रवाशाला बहुधा वाटेत कोठेही न उतरणारे विमान हवे असते. विमान कंपन्यांच्या परिभाषेत मात्र अशा उड्डाणाला नॉन-स्टॉप म्हणतात. डायरेक्ट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उड्डाण क्रमांक असलेली सेवा. ती मधल्या एखाद्या विमानतळावर थांबू शकते, तेथे काही प्रवासी उतरतात, नवे चढतात, इंधन भरले जाते आणि त्याच क्रमांकाने पुढचा प्रवास सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक नॉन-स्टॉप उड्डाण डायरेक्ट असतेच, पण डायरेक्ट उड्डाण नॉन-स्टॉप असेलच असे नाही.

सिंगापूर एअरलाइन्सच्या सिंगापूर ते न्यूयॉर्क या दोन सेवांत हा फरक स्पष्ट दिसतो. एसक्यू २४ हे विमान सुमारे १५,३०० किलोमीटरचे अंतर कोठेही न थांबता पार करते आणि त्याला साडेअठरा तासांच्या आसपास वेळ लागतो. एसक्यू २६ फ्रँकफर्टला उतरते. न्यूयॉर्कपर्यंतचे तिकीट असलेल्यांनाही तेथे हातातील सामान घेऊन खाली उतरावे लागते, प्रतीक्षा करून पुन्हा विमानात बसावे लागते, आणि एकूण प्रवास जवळपास एका दिवसाचा होतो. क्रमांक बदलत नाही, म्हणून ही सेवाही डायरेक्टच.

कनेक्टिंग प्रवास याहून वेगळा, कारण त्यात दोन स्वतंत्र क्रमांकांची उड्डाणे असतात आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरे निघून जाण्याची धास्ती राहते. डायरेक्ट सेवेत ही धास्ती सहसा नसते, आणि तिचा खरा फायदा मला तरी एवढाच वाटतो. तोही दर वेळी मिळत नाही: काही कंपन्या मधल्या विमानतळावर विमानच बदलतात आणि क्रमांक मात्र तोच ठेवतात, त्यामुळे कागदोपत्री डायरेक्ट असलेला प्रवास प्रत्यक्षात कनेक्टिंगसारखा होऊन बसतो.

तिकीट घेताना म्हणूनच ‘डायरेक्ट’ या शब्दापेक्षा थांब्यांची संख्या पाहावी. तेथे शून्य असेल तर उड्डाण नॉन-स्टॉप आहे. एक थांबा दाखवला असेल, तर विमान तेच राहणार की बदलणार आणि खाली उतरावे लागणार का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.