शोधनिबंध, जीववैद्यकीय : सिद्धता व पाठवणी

प्रयोगशाळेत, रुग्णालयात किंवा लोकवस्तीत केलेल्या आरोग्यविषयक संशोधनाचा वृत्तान्त ठरावीक साच्यात लिहून तो वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाकडे प्रकाशनाच्या विचारासाठी देण्याची प्रक्रिया. छापून येईपर्यंत या लिखाणाला ‘हस्तलिखित’ म्हणतात. हाताने लिहिणे केव्हाच संपले, शब्द तेवढा राहिला. डॉक्टरांच्या बोलण्यात मात्र त्याला ‘पेपर’ एवढेच नाव आहे. पेपर लिहितात, पेपर टाकतात आणि बऱ्याचदा पेपर परत येतो. प्रस्तुत नोंदीत सर्वसाधारण पद्धतीबरोबर गोव्यातील परिस्थितीचा, विशेषतः भाषेच्या प्रश्नाचा, विचार केला आहे.

साचा : प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा हा चार भागांचा क्रम आज जवळजवळ सार्वत्रिक आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘इम्रॅड’ म्हणतात. त्याचे मूळ काही जण लुई पाश्चर यांच्या 1870च्या दशकातील लेखनात शोधतात. परंतु मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांचे जुने अंक चाळून केलेल्या मोजणीत हा साचा 1940च्या दशकात दिसू लागतो आणि 1980च्या दशकात मूळ संशोधनापुरता सर्वमान्य होतो. पाश्चर यांचे नाव त्याला मागाहून चिकटले असावे. जानेवारी 1978मध्ये काही वैद्यकीय संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवले. ते 1979मध्ये प्रसिद्ध झाले. संदर्भांना मजकुरातील क्रमानुसार आकडे देण्याची ‘व्हँकुव्हर पद्धत’ तिथली. हाच गट पुढे वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती (आयसीएमजेई) झाला. तिच्या नियमावलीला 2013पासून ‘शिफारशी’ म्हणतात, पण व्यवहारात त्या नियमांसारख्याच पाळल्या जातात.

समीक्षणाचा उगम : हस्तलिखित विषयातील जाणकारांकडे मतासाठी पाठवण्याची प्रथा केव्हा सुरू झाली, याविषयी एकमत नाही. नवव्या शतकातील वैद्य अल्-रुहावी यांच्या वैद्यकनीतीवरील ग्रंथात वैद्याच्या टिपणांची इतर वैद्यांकडून तपासणी करावी असे येते. त्यावरून काही लेखक उगम तिथवर मागे नेतात. पण ती तपासणी उपचाराची होती, लेखनाची नव्हती, तेव्हा हे मत ग्राह्य धरणे कठीण आहे. दुसरा पक्ष रॉयल सोसायटी या विद्वत्सभेचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 1665मध्ये लंडनमध्ये काढलेल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकाकडे बोट दाखवतो. मात्र ओल्डेनबर्ग बहुतांशी स्वतःच निवड करीत. रॉयल सोसायटीने निबंधांसाठी समिती नेमली ती 1752मध्ये, आणि लेखी समीक्षा-अहवाल 1830च्या दशकातले. वैद्यकापुरते पाहता एडिंबरो येथील वैद्यकीय निबंधसंग्रहाचा (1731–33च्या सुमारास) दावा अधिक बळकट आहे. आलेले निबंध त्या त्या विषयात मुरलेल्या सदस्यांकडे दिले जातात आणि त्यांची नावे लेखकाला कळत नाहीत, असे त्याच्या प्रस्तावनेत सांगितले होते. तरीही ही पद्धत सक्तीची व्हायला विसावे शतक सरत आले: ‘नेचर’ने ती 1973मध्ये आणि ‘लॅन्सेट’ने 1976मध्ये नियमितपणे अंगीकारली.

गोव्याच्या दृष्टीने तिसरे मत लक्षणीय आहे. इतिहासकार मारिओ बियाजोली यांनी समीक्षणाची वंशावळ ग्रंथांवरील परवाना-पद्धतीशी जोडली आहे. आधी छपाईला परवानगी देणारा अधिकारी, मग तेच काम करणाऱ्या विद्वत्सभा आणि शेवटी समीक्षक. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा वनौषधींवरील पोर्तुगीज संवादग्रंथ 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात जोआंनिस द एंदें या मुद्रकाने छापला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर व्हाइसरॉयच्या परवान्याबरोबर इन्क्विझिटरचेही, म्हणजे इन्क्विझिशन या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या अधिकाऱ्याचेही, नाव आहे. गोव्यात छापलेल्या वैद्यकीय मजकुरावर लेखकाखेरीज दुसऱ्या कुणाची मान्यतेची मोहोर उमटल्याचे हे फार जुने उदाहरण आहे. मोहोर उमटवणाऱ्याला औषधींतले कितपत कळत होते, हा प्रश्न वेगळा. (याच इन्क्विझिशनने पुढे 1580मध्ये ओर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या.) बियाजोलींचे मत संपूर्ण मान्य करता येत नाही, कारण परवाना देणारा मजकुराचा खरेखोटेपणा पाहत नसे, धोका पाहत असे. तथापि आजच्या हस्तलिखितावरही नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक छापावा लागतो, हे पाहता त्या मताचा अर्धा भाग तरी टिकतो.

ओर्तांच्या ग्रंथातील पटकीचे (कॉलऱ्याचे) वर्णन युरोपीय लेखकाने केलेले या रोगाचे पहिले तपशीलवार वर्णन समजले जाते. रोगाचे स्थानिक नाव त्यांनी ‘मोर्शी’ असे टिपले आहे. ते म्हणजे आपली मोडशी. 1567मध्ये कारोलुस क्लुसियुस यांनी या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून काढला. त्यात संवाद गाळले आणि क्रम बदलला. युरोपने पुढे वाचला तो मुख्यतः हा संक्षेप. संपादकाच्या कात्रीतून मूळ लेखन किती बदलू शकते, याचा हा जुना दाखला.

गोव्यातील लेखनपरंपरा : पणजीची वैद्यकीय-शल्यशाळा 1842मध्ये स्थापन झाली. ती ‘आशियातील सर्वांत जुनी’ असल्याचा उल्लेख परिचयपर लेखनात वारंवार आढळतो. तो जपून वापरावा. पुदुच्चेरीची शाळा 1823ची, कोलकाता व चेन्नई येथील महाविद्यालये 1835ची आहेत. पोर्तुगीज अमदानीत येथील वैद्यकीय लेखन प्रामुख्याने पोर्तुगीजमध्ये होत असे. बाणावलीचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रोइलानो द मेलो (1887–1955) यांनी अन्य भाषांतही लिहिले. रक्तातील परजीवींवरचे त्यांचे निबंध 1930च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात इंग्रजीत आले. 1961नंतर शिक्षण व लेखन दोन्ही इंग्रजीकडे वळले. याच शाळेचे पुढे झालेले गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे वृत्तपत्रांचे ‘गोमेकॉ’, 1963पासूनचे. ते आता बांबोळीला आहे.

पूर्वतयारी : हस्तलिखिताचे भवितव्य बरेचसे पहिले वाक्य लिहिण्याआधीच ठरते. माणसांवरील संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी लागते. ती मागाहून मिळत नाही. उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल तर ती भारतीय चाचणी नोंदवहीत (सीटीआरआय) नोंदवावी लागते. ही नोंदवही 20 जुलै 2007 रोजी सुरू झाली आणि 1 एप्रिल 2018पासून तिथे केवळ पूर्वनोंदणी स्वीकारतात, म्हणजे पहिला रुग्ण घेण्याआधीची. आयसीएमजेईचा तसाच आग्रह 2005पासून आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध पुढे निबंध म्हणून पाठवायचा तर इथेच गाडे अडते: प्रबंध मंजूर झालेला असतो, गुण मिळालेले असतात, पण पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी झालेली नसते. अशा हस्तलिखिताला चांगली नियतकालिके समीक्षकांपर्यंतही जाऊ देत नाहीत.

संमतिपत्र रुग्णाला कळेल त्या भाषेत असावे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गोव्यात हे वाक्य वाचायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. 1987च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय वापर करता येतो. परंतु दक्षिण गोव्यातील सासष्टीतले अनेक रुग्ण कोकणी वाचतात ती रोमी लिपीत. पेडणे, डिचोली, सत्तरीतील पुष्कळांना मराठीच वाचायची सवय असते. बांधकामावरच्या मजुराला हिंदी किंवा कानडी लागते. प्रत्येक भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून मुळाशी ताडून पाहतात. शब्दशः भाषांतर इथे फसते. ‘यादृच्छिक पद्धतीने गटविभागणी’ हे मराठी म्हणून निर्दोष आहे, पण वाळपईच्या आजींना त्याचा काही बोध होत नाही. ‘तुम्हाला कोणते औषध द्यायचे ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत’ म्हटले की त्या पुढचा प्रश्न विचारतात, आणि तो बहुधा योग्यच असतो: मग दुसरे औषध वाईट आहे का? वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याबरोबर संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते. हा सारा खटाटोप छापील निबंधात एका इंग्रजी वाक्यापुरता उरतो. गोव्यातील जीववैद्यकीय संशोधनात मराठी-कोकणीचे खरे स्थान या न छापल्या जाणाऱ्या कागदांवर आहे.

पद्धतिविभाग कसा मांडावा यासाठी यादृच्छिक चाचण्यांना कॉन्सॉर्ट (1996, अद्ययावत 2025), निरीक्षणात्मक अभ्यासांना स्ट्रोब (2007) आणि एकेका रुग्णाच्या वृत्तान्ताला केअर (2013) अशा तपासयाद्या आहेत. गोव्यातील दाखला म्हणून ‘मानस’ चाचणीचा उल्लेख केला जातो. सर्वसाधारण आजाऱ्यांमधील नैराश्य व चिंता यांवर प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांची मदत कितपत होते, हे ‘संगाथ’ संस्थेच्या सहभागाने 24 दवाखान्यांत तपासले गेले आणि 2010मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चिठ्ठी रुग्णाची नव्हे, दवाखान्याची टाकली होती. निम्मे दवाखाने सरकारी, निम्मे खाजगी. लाभ स्पष्ट दिसला तो सरकारी दवाखान्यांत, खाजगीत तसा दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष निबंधात शेजारी शेजारी मांडले आहेत, आणि निबंध वाचण्याजोगा होतो तो त्यामुळे.

लेखकत्व : आयसीएमजेईच्या चार अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: कामात ठोस वाटा, लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सर्व मजकुराची जबाबदारी. चौथी अट 2013ची. विभागप्रमुखाचे नाव केवळ पदामुळे घालणे या अटींत बसत नाही. पदोन्नतीच्या नियमांनी भारतात हा प्रश्न आणखी चिघळवला. कधी पहिल्या दोनच लेखकांना श्रेय, कधी पहिल्या तिघांना किंवा पत्रव्यवहार करणाऱ्याला, असे नियम 2015पासून पुनःपुन्हा बदलले आणि प्रत्येक बदलासरशी लेखकांचे क्रमही हलले. लेखनसाहाय्य करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला लेखक मानता येत नाही. तिचा वापर जाहीर करावा लागतो (2023).

मसुदा व पाठवणी : शंभरेक पानांच्या प्रबंधातून तीन हजार शब्दांचा निबंध काढणे म्हणजे प्रबंध आखडणे नव्हे. साहित्याचा आढावा जवळजवळ सगळा जातो, तक्ते वीसावरून चारांवर येतात, आणि तक्त्यातले आकडे मजकुरात पुन्हा लिहीत नाहीत. अनुभवी लेखक आधी तक्ते, मग पद्धती, नंतर निष्कर्ष व चर्चा लिहितात. सारांश सर्वांत शेवटी. अनेक भारतीय नियतकालिके लेखकांची नावे असलेले पहिले पान आणि निनावी मजकूर अशा दोन धारिका (फाइल) मागतात, म्हणजे समीक्षकाला लेखक कळत नाही. निनावी प्रतीत ‘बांबोळी येथील’ हे शब्दही राहू देत नाहीत, कारण बांबोळी म्हटले की संस्था ओळखली जाते. तिथे ‘पश्चिम भारतातील अध्यापन रुग्णालय’ असे लिहितात. रुग्णाच्या छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी मारणे ओळख लपवण्यास पुरेसे मानले जात नाही. एकच हस्तलिखित एका वेळी दोन ठिकाणी देता येत नाही. संपादकाला लिहायचे पत्र एका पानाचे असावे.

संपादकाकडूनच नकार आला तर तो बहुधा लवकर येतो. समीक्षकांकडे गेल्यावर महिने लागतात. दुरुस्तीसाठी परत आलेल्या हस्तलिखिताबरोबर प्रत्येक शेऱ्याला मुद्देसूद उत्तर द्यावे लागते. न पटलेला शेरा सकारण नाकारला तरी चालतो, पण गाळला तर चालत नाही. प्रकाशनशुल्क घेणारी काही नियतकालिके समीक्षणाशिवाय दोन दिवसांत स्वीकृती कळवतात. अशांपासून दूर राहावे.

मुद्रिते : स्वीकृतीनंतरची मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्व तपासणीच्या प्रती (प्रूफ), साधारण दोन-तीन दिवसांत तपासून द्यायची असतात. गोव्याच्या लेखकाला इथे नावांचा घोळ निस्तरावा लागतो. साखळी व सांकेलिम, डिचोली व बिचोलिम, पेडणे व पर्नेम ही एकाच गावाची दोन-दोन रूपे नकाशात एक आणि मजकुरात दुसरे अशी छापून जातात. आडनावाआधी ‘द’ असणारा लेखक सूचींत कधी ‘डी’ या अक्षराखाली, कधी मूळ आडनावाखाली सापडतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचे जुने निबंध दुसऱ्याच व्यक्तीचे वाटतात. 2012पासून मिळणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, यावर उपाय आहे, मात्र तो पाठवणीच्या वेळीच नोंदवावा. ओर्तांच्या 1563च्या ग्रंथाला वीस पानांचे शुद्धिपत्र जोडावे लागले होते, आणि तेही अपुरे असावे, असे त्याच्या शेवटी म्हटले आहे.