लोरिस व अन्य निशाचर नरवानर

माकडे, वानर आणि माणूस ज्यात मोडतात त्या नरवानर गणातील काही लहान प्राणी दिवसा झाडावर झोपतात आणि अंधार पडल्यावर फांद्यांमधून भक्ष्य शोधत फिरतात. भारतात त्यांच्या दोन जाती आढळतात. सडपातळ लोरिस दक्षिणेत, तर बंगाली मंद लोरिस ईशान्येकडच्या सदाहरित जंगलांत राहतो. नागपूरच्या आसपास, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात, या गणातले दिसतात ते काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडे. दोघेही दिवसा वावरणारे. सेमिनरी हिल्सवर रात्री टॉर्चच्या उजेडात झाडावर डोळे चमकले, तर ते बहुधा उदमांजराचे असतात. विदर्भात लोरिस नाही, हे ठाऊक असणे पुढे सांगितलेल्या कारणासाठी महत्त्वाचे आहे.

सडपातळ लोरिसचे वजन साधारण पाव किलो असते. शेपूट नसल्यात जमा, हातपाय काडीसारखे आणि चेहऱ्यावर मोठमोठे गोल डोळे. डोळ्यांच्या पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे अंधूक चांदण्यातही त्याला किडे दिसतात. तर्जनी अगदी आखूड आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब फाकलेला, म्हणून फांदीवरची पकड चिमट्यासारखी बसते. हातापायांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने स्नायू न थकता ही पकड तो बराच वेळ टिकवतो. मुंग्या, वाळवी, भुंगे हे त्याचे मुख्य अन्न. इतर प्राणी तोंड लावत नाहीत असे उग्र वासाचे किडेही तो खातो. ते धरण्याआधी स्वतःचे मूत्र हातापायांना चोळतो.

दिवसा दोन-चार जण एकमेकांना बिलगून दाट झुडपात झोपतात, पण रात्री बहुतेक जण एकेकटे चरतात आणि बारीक शिट्ट्यांनी संपर्क ठेवतात. मादीला एका वेळी एक किंवा दोन पिल्ले होतात. सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून असते. पुढे आई त्याला एखाद्या फांदीवर ठेवून रात्रभर चरायला जाते आणि उजाडण्याआधी परत घेते. या काळात नरही पिल्लापाशी येऊन त्याच्याशी खेळतात. एकलकोंडा म्हणून या प्राण्याची ओळख करून देणे म्हणूनच अपुरे वाटते.

लोरिसचे काही निशाचर भाऊबंद इतर देशांत आहेत. आफ्रिकेतला गॅलॅगो लांब उड्या मारतो. आग्नेय आशियातल्या टार्सियरचा एक डोळा जवळपास मेंदूएवढा असतो. मादागास्करमधील सर्वांत लहान उंदीर-लेमूरचे वजन सुमारे ३० ग्रॅम भरते. लोरिसला मात्र उडी मारताच येत नाही. त्याचे सारे आयुष्य एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाला टेकते की नाही, यावर अवलंबून असते. मधली झाडे तुटली की त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तिथे कुत्री व वाहने त्याचा जीव घेतात. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात उंचावर बांधलेल्या रस्त्याखालून वाघ, चितळ, रानडुकरे ये-जा करतात. अशी सोय फांदीवरच्या प्राण्याच्या कामाची नाही. त्याला रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या फांद्या लागतात, त्या नसतील तर निदान दोन्ही बाजूंची झाडे जोडणारे दोर.

त्याहून क्रूर धोका माणसाच्या समजुतींचा आहे. जादूटोण्यासाठी आणि डोळ्यांच्या औषधाच्या नावाखाली लोरिस मारले जातात. मंद लोरिसच्या दंडावरील ग्रंथीचा स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो, म्हणून पाळण्यासाठी विकणारे त्याचे दात तोडतात. दोन्ही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना पकडणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांत ११,८०६ हेक्टरांचे कडवूर अभयारण्य खास सडपातळ लोरिससाठी घोषित केले. ते कोरड्या, काटेरी जंगलात आहे, तेव्हा लोरिसला घनदाट वर्षावनच लागते असे नाही.

नागपुरात लोरिस सापडला, तर तो तस्करीतूनच आलेला असणार. दया म्हणून त्याला जवळच्या झाडीत सोडू नये. इथे त्याला ना जोडीदार मिळेल, ना ओळखीचे रान. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे तात्पुरते उपचार केंद्र आहे. तिथे पोहोचेपर्यंत प्राण्याला हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवावे आणि त्याच्यावर टॉर्च मारू नये.