बाटलीतले बुडबुडे थांबत नाहीत तेव्हा

छातीत नळी घातलेला रुग्ण खोकला, की सगळ्यांचे डोळे कॉटखालच्या बाटलीकडे वळतात. पाण्यात बुडबुडे आले? किती आले? बहुतेकांचे ते काही दिवसांत आपोआप थांबतात. पाच-सात दिवस उलटूनही येतच राहिले, तर डॉक्टर पुढच्या उपायाचा विचार करू लागतात. फुप्फुसातून होणारी हवेची ही गळती थांबवण्यासाठी दुर्बिणीतून श्वासनलिकेत बसवायची बुचं आणि झडपा आम्ही रुग्णालयांना पुरवतो. नातेवाईक हमखास विचारतात त्या प्रश्नांसाठी हे पत्रक.

गळती म्हणजे फुप्फुसाला पडलेलं भोक. ते शस्त्रक्रियेनंतर राहतं, फुप्फुसावरचा हवेचा फुगा फुटून पडतं, क्षयरोगाने किंवा न्यूमोनियानेही पडतं. प्रत्येक श्वासाची थोडी हवा त्यातून छातीच्या पोकळीत निसटते आणि नळीवाटे बाटलीत येते. हवा अशी वाहती राहिली, की भोक भरून यायला उसंतच मिळत नाही.

दुर्बिणीच्या उपायात भोकाला हातच लावत नाहीत. नळ गळत असला की आपण आधी मागचा कॉक बंद करतो, तसंच हे. भोकाकडे हवा नेणारी श्वासनलिकेची शाखा तेवढी बंद करायची.

पण शाखा कुठली? खरी कसोटी इथेच असते. गुंगीचं औषध किंवा भूल देऊन तोंडातून वा नाकातून दुर्बीण आत जाते. तिच्यातून बारीक फुगा एका शाखेत नेऊन फुगवतात आणि एक जण बाटलीकडे बघत सांगत राहतो: येतायत, येतायत... अजून येतायत. मग पुढची शाखा. जिथे बुडबुडे थांबले किंवा स्पष्ट कमी झाले, ती आपली. नुसतं खोकल्यावरच बुडबुडे येत असतील, तर हा शोध अवघड जातो.

बूच सिलिकॉनचं असतं. बाजूंना बारीक उंचवटे, म्हणजे ते सहज निसटत नाही. जपानी डॉक्टर वातानाबे यांच्या नावाने ओळखली जाणारी बुचं 5, 6 आणि 7 मिलिमीटर अशा मापांत मिळतात. बूच शाखा पूर्ण बंद करतं, मागचा कफही अडतो. झडप छत्रीसारखी असते: श्वास घेताना पसरून हवा अडवते, सोडताना कडेने हवा आणि कफ बाहेर जाऊ देते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्ये अशा एका झडपेला फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गळतीसाठी मर्यादित मान्यता दिली. ही झडप साधारण सहा आठवड्यांनी काढायची असते.

बसवल्याबरोबर बाटली शांत झाली नाही म्हणून हबकू नका. शेजारच्या भागातून आडवाटेने हवा येऊ शकते, त्यामुळे एकापेक्षा जास्त बुचं किंवा झडपा लागणं नेहमीचं आहे. बुडबुडे नुसते कमी झाले तरी भोक भरायला मदत होते. मात्र मोठ्या श्वासनलिकेचं शिवलेलं टोकच उसवलं असेल, तर आमची उपकरणं सहसा कामाची नाहीत. तिथे शल्यचिकित्सकांचंच ऐका, आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका.

बंद केलेल्या भागात हवा जात नाही, म्हणून तो आकसतो. क्वचित प्राणवायू घटतो किंवा मागे साठलेल्या कफात जंतुसंसर्ग होतो. ताप, घट्ट पिवळा कफ, अचानक वाढलेली धाप किंवा छाती-मानेवर बोटाने दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवली, तर लगेच कळवा.

नळी काढेपर्यंत बाटली छातीच्या पातळीखालीच ठेवा. रुग्णाला हलवताना सोय म्हणून नळीला चिमटा लावू नका. बुडबुडे येत असताना नळी बंद झाली तर हवा आत कोंडून जिवावर बेतू शकतं.

खोकल्यातून बूच किंवा झडप बाहेर पडण्याचे प्रसंग येतात. पडलं, तर टाकून देऊ नका. डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. मापावरून नोंदीत ते कुठल्या शाखेतलं, हे ताडता येतं.