आयपीए चाखताना: कडूपणा वेगळा, हॉप्सचा सुगंध वेगळा

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही हॉप्सप्रधान बिअर. तिचा पहिला घोट घेऊन अनेक जण म्हणतात, ‘यात हॉप्स फार आहेत.’ बहुतेक वेळा त्यांना बिअर कडू लागलेली असते. कडूपणा आणि सुगंध दोन्ही हॉप्समधून, म्हणजे एकाच वेलीच्या शंकूसारख्या फुलांतून येतात, म्हणून ही गल्लत होते.

कडूपणा हॉप्समधल्या अल्फा आम्लांमुळे येतो. ती मुळात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळली की त्यांची रचना बदलून आयसो-अल्फा आम्लं बनतात आणि ती बिअरमध्ये उतरतात. पण तेवढ्या उकळीत मर्सीन, लिनालूलसारखी सुगंधी तेलं बरीचशी वाफेबरोबर उडून जातात. ती टिकवायची तर हॉप्स उकळीच्या अगदी शेवटी घालावे लागतात, किंवा नंतर आंबवणाच्या टाकीत. या दुसऱ्या रीतीला ड्राय हॉपिंग म्हणतात.

दोन्ही वेगळं ओळखायची माझी आवडती रीत: नाक चिमटीत धरून घोट घ्या. गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो तो कडूपणा. आता नाक सोडा आणि श्वास नाकावाटेच बाहेर टाका. एकदम ग्रेपफ्रूट, पाइन, आंबा असं काहीतरी उमलतं. ते सगळं तेलांचं काम, जिभेचा त्यात वाटा नाही. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करावाच. त्यानंतर आयपीए पूर्वीसारखी लागत नाही.

लेबलवरचा आयबीयू (इंटरनॅशनल बिटरनेस युनिट) फक्त कडूपणा मोजतो. 1 आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे 1 मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. सुगंधाबद्दल तो काहीच सांगत नाही. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या 2021च्या मार्गदर्शिकेत अमेरिकन आयपीएला 40 ते 70 आयबीयू आहेत, तर हेझी, म्हणजे धूसर दिसणाऱ्या आयपीएला 25 ते 60. तरीही हेझीत ड्राय हॉपिंग सढळ हाताने केलेलं असतं, त्यामुळे कमी कडू बिअरसुद्धा हॉप्सने घमघमते. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोडवा जास्त असेल तर मोठा आकडाही जिभेला सौम्य वाटतो. म्हणून केवळ आयबीयू बघून आयपीए निवडू नये, असं माझं ठाम मत आहे.

बर्फासारखी गार बिअर सुगंध दाबून टाकते. 7 ते 10 अंश सेल्सिअस ठीक. ग्लास वर निमुळता असावा.

साठवणीत आधी सुगंध ओसरतो, कडूपणा त्यामानाने टिकतो. जुनी बाटली नुसतीच कडू लागते ती यामुळे. आयपीए घेताना आधी भरल्याची तारीख बघा.